मगरींचा रकाना

स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास मी लिहायचा, असं ठरलं.
कारण काय, तर हयात असलेल्यांत अक्षर माझं बरं
आणि मुलं परदेशी, म्हणजे वेळच वेळ.
तर लिहितो.

प्रतापगंजात दोन खोल्या, एक पडवी,
पंचेचाळीस पाट, पितळेची चौदा पातेली
(पैकी तीन कोणाच्या परीक्षा-फीपायी मोडीत गेली
ते सगळ्यांना ठाऊक आहे, छापणार नाही).
महाराज दोन:
एक काळ्या घोड्यावर, सयाजीगंजात;
दुसरे अंबालाल, शेगडीपाशी,
ज्यांना आमटीत गूळ कमी घालायला शिकायला
एकोणीस वर्षं लागली,
आणि शिकले त्याच वर्षी गावी गेले.

सभासद होण्याची खरी अट घटनेत नव्हती.
घटनेत फी, आणि ताट ज्याचं त्यानं उचलावं, एवढंच.
अट तोंडी होती:
पौषातल्या अमावास्येला एकट्यानं
विश्वामित्रीच्या पुलावर जायचं,
बॅटरी मारून पाणी बघायचं,
आणि परत येऊन रजिस्टरात
नाव, गाव, शाखा, यांच्या पुढच्या रकान्यात
मगरी किती, ते लिहायचं.

दिघे, मिरज, सिव्हिल: अकरा.
खासनीस, धार, चित्रकला: चार, पैकी एक हसत होती.
मोहिते, इथलाच, कायदा: मोजणं सोडून दिलं.
मी: सात.

रेडकर, वेंगुर्ले, रसायन: शून्य.

काय हसलो आम्ही.
'अरे, लाजेकाजेस्तव एक तरी लिही!'
तो म्हणाला, 'पण नव्हतीच, तर?'
आणि एकवीस-बावीस वर्षांच्या न्यायाधीशांनी
त्याला नापास केलं.
जेवायला मनाई नव्हती. पाहुणा म्हणून बस.
पाहुण्याचं ताट पंचवीस पैसे जास्त.

पुढच्या पौषात तो पुन्हा गेला. शून्य.
त्याच्या पुढच्याही. शून्य.
चौथं तर इतकं बारीक, मोहरीएवढं,
जणू रजिस्टराला त्रास नको.

अंबालाल टायफॉइडनं पडले तेव्हा
नऊ दिवस पंचेचाळीस जणांना
सोलकढी-भात त्यानंच घातला.
त्या नऊ दिवसांचेही त्यानं पाहुण्याच्या दरानं भरले.
हिशेबवहीत अक्षर माझंच आहे. खजिनदार मी होतो.
परवा बेरीज मारून पाहिली:
चार वर्षांचे, दोन वेळचे, जादा पैसे,
पाचशे साठ रुपये.
वडिलांना माझ्या तेव्हा पगार एकशे नव्वद.

आणि आता इतिहासच लिहितोय तर हेही:
मी पुलावर गेलोच नव्हतो.
कमाटीबागेच्या दारात भट्टीपाशी ऊब घेत उभा राहिलो,
शेंगा खाल्ल्या.
पुडीत शेवटी सात उरल्या होत्या.

मागच्या महिन्यात गेलो, काठी टेकत.
पुलावर आता उजेड इतका
की मगरींनाच आपण दिसतो.
कॉलेजची पोरं मोबाइल धरून उभी.
'काका, ती बघा, गाळावर!'
बघितली. खरंच होती.
ओंडक्यासारखी पडलेली,
कोणाच्याही आकड्याशी देणंघेणं नसलेली.
दुसरी शोधत बराच वेळ थांबलो.

अमृतमहोत्सवाचं जेवण सभासदांना मोफत.
पाहुण्यांना साडेसहाशे, ठराव एकमतानं मंजूर.
रेडकरचा पत्ता मिळवला, आमंत्रण धाडलं,
पाकिटावर काय लिहावं कळेना,
'माजी' लिहून खोडलं.
काल मंडळाच्या खात्यात रक्कम जमा.
तपशिलाच्या जागी दोन शब्द:
पाहुणा, एक.

रावपुऱ्यातला छापखानेवाला रोज विचारतो,
यादीचं पान कधी देता?
म्हटलं, थांबा जरा,
एक आकडा तपासायचा राहिलाय.
त्याचा नव्हे.